तिजोरीतलं नळकांडं

टेक्ससमधल्या बऱ्यापैकी मोठ्या बंदुकीच्या दुकानात काउंटरमागे एक पोलादी तिजोरी असते. तिच्यात विकून झालेला माल ठेवलेला असतो. पैसे पुरते चुकते झालेले, पावती फाडलेली, खोक्यावर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. फक्त गिऱ्हाइकाला ती वस्तू घरी नेता येत नाही. दुकानातली मंडळी या तिजोरीला ‘जेल’ म्हणतात, आणि गिऱ्हाईक मध्येच चौकशीला आलं की भेटीची वेळ संपली म्हणून थट्टा करतात. आतले कैदी म्हणजे वीतभर लांबीची, पावशेर ते अर्धा किलो वजनाची धातूची नळकांडी. बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी आटे पाडलेले असतात, त्यांवर ती फिरवून बसवायची. कायद्याच्या पुस्तकात त्यांचं नाव सायलेन्सर, वापरणाऱ्यांच्या तोंडी सप्रेसर.

खरी गंमत पुढेच आहे. ज्या रायफलीवर हे नळकांडं बसवायचं, ती रायफल त्याच काउंटरवर, त्याच माणसाला, बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात मिळते. एक फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेला विचारतो, तिकडून होकार आला की रायफल घेऊन घरी. म्हणजे जिच्यातून गोळी सुटते ती वस्तू दुपारच्या जेवणाआधी हातात, आणि त्या गोळीचा आवाज कमी करणारं नळकांडं केंद्र सरकारची मंजुरी येईपर्यंत तिजोरीत. ही मंजुरी यायला कधी तीन महिने लागले, कधी दहा, कधी वर्ष उलटलं. आणि २०२४ मध्ये ती अचानक काही दिवसांवर आली. तिला इतका वेळ का लागत होता आणि मग एकाएकी का लागेनासा झाला, यातच या सगळ्या प्रकरणाचा अर्क आहे.

ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाचं उपनगर आहे. तिथे राहणारे आमच्या कोल्हापूरचे एक गृहस्थ २०२२ साली या रांगेत होते. नाव छापू नका म्हणाले, ऑफिसात उगाच विषय नको. तेव्हा इथे त्यांना नुसतं दादा म्हणू. कोल्हापूर आणि नेमबाजी हे नातं मराठी वाचकाला सांगायला नको. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून ब्राँझ घेऊन आलेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे. दादांच्या घरी वडिलांची बारा बोअरची दुनळी होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की सोडवून आणायची, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. परवान्याच्या नूतनीकरणासाठी कचेरीत घालवलेल्या सकाळीही त्यांना आठवतात. त्यामुळे सरकारी कागदाची वाट पाहणं त्यांना नवं नव्हतं.

“दादा, दहा महिने कंटाळा नाही आला?” मी विचारलं.

“कंटाळा? अहो, ग्रीन कार्डाच्या रांगेत अकरा वर्षं काढलेला माणूस मी. दहा महिने म्हणजे एक एस.टी. चुकली आणि दुसरी येईस्तोवरचा वेळ.”

वहिनींचं मत वेगळं होतं. “ह्यांचं काय जातंय? बोटांचे ठसे माझेही घेतले. पासपोर्टाला दिले, ग्रीन कार्डाला दिले, नागरिकत्वाला दिले. आणि आता ह्यांच्या पुंगळीला!”

वहिनींचे ठसे का लागले, ते कळलं की या कायद्याचा स्वभाव कळतो. सप्रेसर एकट्याच्या नावावर घेतला, तर तो फक्त त्या एकट्यानेच जवळ बाळगायचा. नवरा परगावी गेला आणि घरातल्या तिजोरीची किल्ली बायकोकडे राहिली, तर कायद्याच्या भाषेत बायकोकडे बेकायदा शस्त्राचा ताबा आला असं कोणी म्हणू शकतं. शिक्षा दहा वर्षांपर्यंत. म्हणून हजारो अमेरिकन कुटुंबं या एका नळकांड्यासाठी ट्रस्ट स्थापन करतात. आपल्याकडे देवस्थानाला किंवा शाळेला ट्रस्ट असतो, तिकडे बंदुकीच्या पुंगळीला असतो! ट्रस्टमध्ये जितके विश्वस्त, तितक्यांचे फोटो आणि तितक्यांचे ठसे. हा नियम जुलै २०१६ पासूनचा. त्याआधी ट्रस्टला ठसे लागत नसत, पण एकट्याच्या अर्जावर गावच्या शेरीफची किंवा पोलीसप्रमुखाची सही लागे, आणि काही ठिकाणचे शेरीफ कारण न देता सही नाकारत. २०१६ मध्ये सहीची अट गेली आणि नुसती प्रत पाठवायची राहिली. नियम बदलणार हे आधी कळल्यामुळे जुन्या पद्धतीने ट्रस्टचे अर्ज टाकायला अशी झुंबड उडाली की त्या गठ्ठ्याखाली खातं पुढे कित्येक महिने दबून राहिलं.

अर्जाचं नाव फॉर्म ४. दुकानदार त्यात वस्तूचा अनुक्रमांक लिहितो, घेणारा आपली कुंडली मांडतो. कधी गुन्हा केला आहे का, मादक पदार्थ घेता का, घरगुती हिंसाचाराचा ठपका आहे का, कोणत्या देशाचे नागरिक. सोबत पासपोर्टच्या मापाचा फोटो, दहा बोटांचे ठसे आणि, २०२५ अखेरपर्यंत, दोनशे डॉलर. कागद जातात एटीएफ या खात्याकडे, म्हणजे दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं सांभाळणाऱ्या केंद्रीय यंत्रणेकडे. तिचा हा विभाग वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्ग नावाच्या गावी बसतो. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस फॉर्म ४ ऑनलाइन भरता येऊ लागला, तेव्हा नव्वद दिवसांत निकाल देऊ अशी भाषा होती. दादांनी त्याच भरवशावर अर्ज टाकला. मग रोज सकाळी चहाबरोबर संकेतस्थळ उघडायचं, ‘दाखल, प्रक्रिया सुरू’ ही ओळ वाचायची आणि बंद करायचं. शाळा सुटल्या, हरिकेनचा मोसम येऊन गेला, गणपती बसले, उठले. ओळ तीच.

दादांनी तिजोरीतून ते काढून माझ्या हातात दिलं. टायटॅनियमचं, करड्या रंगाचं, वाटलं त्यापेक्षा बरंच हलकं. बाजूला बारीक अक्षरात कोरलेला अनुक्रमांक, कंपनीचं नाव, गाव. मंजुरीच्या कागदाची प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून त्याच खोक्यात ठेवलेली. एटीएफच्या माणसाने मागितला तर हा कागद दाखवावा लागतो. त्यावर मुद्रांकाचं चित्र आणि रक्कम, दोनशे डॉलर. तिकडच्या बोलीत या सगळ्या व्यवहाराला ‘स्टॅम्प’च म्हणतात. तुझा स्टॅम्प आला का, असं विचारतात.

हा मुद्रांक आला कुठून, त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

हायरम मॅक्सिम हे नाव युद्धाचा इतिहास वाचणाऱ्याला ठाऊक असतं. पहिली खऱ्या अर्थाने स्वयंचलित मशीनगन त्याने १८८४ च्या सुमारास बनवली. आयुष्यभर तोफा-बंदुकांच्या सहवासात राहून म्हातारपणी तो जवळजवळ बहिरा झाला. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. बापाने आवाज केला, मुलाने तो दाबला, असा हा घरचा हिशेब. हार्टफर्डमध्ये मोटारगाड्या बनवणाऱ्या या इंजिनिअराला १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं. तत्त्व मोटारीच्या सायलेन्सरचंच. गोळीमागून प्रचंड दाबाने सुटणारा वायू एकदम बाहेर पडला की बार होतो. त्या वायूला नळकांड्यातल्या एकामागून एक पडद्यांमधून फिरवलं, त्याला पसरायला आणि निवायला क्षणभर उसंत दिली, की बाहेर पडताना त्याचा जोर ओसरलेला असतो. गोळी पडद्यांच्या मधल्या भोकांतून सरळ निघून जाते.

मॅक्सिमच्या सायलेन्सरच्या जाहिराती तेव्हाच्या मासिकांत उघड येत. परसात नेमबाजी करा, शेजाऱ्यांची झोप मोडणार नाही, अशा धर्तीच्या. छोट्या .२२ रायफलीचा सायलेन्सर पाचेक डॉलरला मिळे. थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टरवरही मॅक्सिमचा सायलेन्सर होता. पर्सी मॅक्सिमने पुढे १९१४ मध्ये हौशी रेडिओवाल्यांची अमेरिकेतली मोठी संघटना उभी केली, आणि आज तिकडे हॅम रेडिओवाले त्याला जितके मानतात तितके बंदूकवालेही मानत नसतील.

मग आली दारूबंदी, टोळ्या आणि टॉमीगन, म्हणजे हातात धरून चालवायची मशीनगन. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोत एका गॅरेजात सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं गेलं. देश हादरला. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी २६ जून १९३४ ला नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टवर सही केली. त्या काळी केंद्र सरकार सरळ बंदी घालायला धजत नव्हतं, घटनेत तसा अधिकार आहे की नाही याची शंका होती. म्हणून कराची वाट धरली. मशीनगन, आखूड नळीच्या रायफली आणि शॉटगन, आणि सायलेन्सर, यांच्या प्रत्येक हस्तांतरावर दोनशे डॉलर कर आणि सरकारदरबारी नोंद. टॉमीगनची किंमतच साधारण दोनशे डॉलर होती, म्हणजे कर मालाइतका. आणि पाच डॉलरच्या सायलेन्सरवर चाळीस पट! मूळ मसुद्यात पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती. ती विरोधामुळे वगळली. रायफल आखूड करून पिस्तुलासारखी लपवता येऊ नये म्हणून ज्या आखूड रायफली यादीत घातल्या होत्या, त्या मात्र तशाच राहिल्या. सायलेन्सर यादीत का घातला, याची संसदेच्या सुनावण्यांत जवळपास चर्चाच नाही. मंदीच्या काळात भुकेली माणसं रात्री दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करत, ती थांबावी म्हणून घातला, असं सांगतात. पटण्यासारखं आहे, पण कागदावर त्याला फारसा आधार नाही.

पुढे जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. दोनशे डॉलरचा आकडा कायद्यात जसाच्या तसा राहिला. १९३४ चे दोनशे म्हणजे आजचे साधारण पावणेपाच हजार. ती खरोखर भिंत होती. महागाईने वर्षानुवर्षं ती कुरतडली. एकविसाव्या शतकात सातशे-आठशे डॉलरचा सप्रेसर घेणाऱ्याला दोनशे म्हणजे किरकोळ भुर्दंड वाटू लागला. करवाढ करायची तर संसदेत बंदुकीचा विषय काढावा लागतो, आणि तो काढायची हिंमत कोणाला? भिंत ढासळली तशी गर्दी वाढली, आणि गर्दी वाढली तशी रांग लांबली. २०२१ पर्यंत नोंदलेले सप्रेसर साधारण सव्वीस लाख होते. आता ते चाळीस लाखांच्या पुढे गेले आहेत. म्हणजे एकेकाळी माणसाला जो कर अडवत होता, त्याचं काम आता विलंब करू लागला. या विलंबाचा कायदा कोणी केला नव्हता, त्यावर कोणी मतदान केलं नव्हतं.

विलंबाचे समर्थक म्हणत, सखोल तपासणीला वेळ लागतोच. हा दावा २०२४ च्या वसंतात उघडा पडला. एटीएफने काम करण्याची रीत बदलली. एफबीआयकडून लगेच स्वच्छ असा निरोप आलेले अर्ज पुढच्या गुंत्याच्या अर्जांमागे अडकवून ठेवायचे नाहीत, ते हातावेगळे करायचे. कायदा तोच, फॉर्म तोच, ठसे तेच. आणि जिथे आठ-दहा महिने लागत तिथे मंजुऱ्या आठवड्याच्या आत येऊ लागल्या, काहींच्या तर दोन-तीन दिवसांत. याचा अर्थ सरळ आहे. दादांच्या दहा महिन्यांत दादांची तपासणी काही तासांचीही झाली नसेल. बाकी सगळा वेळ अर्ज नुसता पडून होता. आपल्या तालुका कचेरीत फाइल ‘साहेबांच्या टेबलावर’ असते तशीच, फक्त संगणकावर.

दादांच्या मित्राचं ह्यूस्टनपासून दीड-दोन तासांवर रान आहे. तिथे आम्ही गेलो. मका उकरलेला, बांध नांगरल्यासारखे फिरवलेले. रानडुकरं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक घेऊन भाताच्या खाचरात माळ्यावर जागणाऱ्याला हे दृश्य ओळखीचं वाटेल. टेक्ससात डुकरांचे कळपच्या कळप आहेत, आणि ती मारायला रात्री जातात. सप्रेसर लावला की पहिल्या गोळीला सगळा कळप पांगत नाही, शेजारच्या घरातली कुत्री उठत नाहीत, आणि मारणाऱ्याचे कान शाबूत राहतात. कागदावरच्या गुळगुळीत वादांपेक्षा हे कारण मला जास्त खरं वाटलं.

दादांनी आधी .२२ रायफलीवर नळकांडं फिरवलं. आवाजाच्या वेगापेक्षा कमी वेगाची गोळी घातली. घोडा ओढला तेव्हा मला ऐकू आला तो बोल्टचा खटका, आणि लगेच साठ पावलांवर टांगलेल्या पोलादी पाटीवर गोळी आपटल्याचा टण्ण. मधला बार जवळजवळ नव्हताच. सिनेमात दाखवतात ते इथवर खरं. मग त्यांनी एआर-१५ रायफल काढली, तिचं वेगळं, पोलादी नळकांडं बसवलं आणि म्हणाले, “आता कानावर लावा.” म्हटलं, सायलेन्सर आहे ना? “लावा म्हटलं ना!” बार झाला आणि छातीत जाणवला. ती गोळी आवाजाच्या अडीच पटींहून जास्त वेगाने जाते. हवा फाडत जाणाऱ्या गोळीचा कडाका नळीच्या तोंडाशी काहीही बसवलं तरी राहतोच.

आकड्यांत सांगायचं तर अशी रायफल साधारण १६५ डेसिबलचा बार करते. चांगला सप्रेसर त्यातले वीस ते पस्तीस डेसिबल काढतो. उरतात एकशे तीस ते एकशे पंचेचाळीस. आपल्याकडे दिवाळीच्या फटाक्याला चार मीटरवर १४५ डेसिबलच्या शिखर-आवाजाची कायदेशीर मर्यादा आहे. अमेरिकेत कामगारांच्या कानांसाठी क्षणिक आवाजाची मर्यादा १४० धरतात. म्हणजे सप्रेसरशिवायची रायफल एका गोळीत कान बिघडवू शकते, आणि सप्रेसर लावून ती फक्त मर्यादेच्या आसपास येते. कानातल्या सूक्ष्म केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकन माजी सैनिकांना सर्वाधिक भरपाई ज्या व्याधीसाठी मिळते ती बंदुकीची जखम नाही, कानात सतत वाजणारी शिट्टी आहे. मरीन कोअरने २०२० च्या अखेरीस आपल्या पायदळाला सरसकट सप्रेसर द्यायला घेतले, ते यामुळेही. नॉर्वेसारख्या देशात, जिथे बंदूक मिळवणं अमेरिकेपेक्षा कितीतरी कठीण आहे, तिथे बंदुकीचा परवाना असलेल्याला सप्रेसर घेताना फारशी आडकाठी नाही. शेजाऱ्याला त्रास नको, हा तिथला विचार.

दुसरी बाजूही रक्ताने लिहिलेली आहे. ३१ मे २०१९ ला व्हर्जिनिया बीचच्या पालिका इमारतीत एका अभियंत्याने बारा जणांना मारलं. त्याच्या पिस्तुलाला सप्रेसर होता. आवाज खिळे ठोकण्याच्या यंत्रासारखा वाटला, गोळीबार चालू आहे हे उशिरा कळलं, असं वाचलेल्यांनी सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या फुटपाथवर एका विमा कंपनीच्या प्रमुखाला मारलं गेलं, तेव्हाच्या चित्रफितीतही नळीच्या तोंडाशी नळकांडं दिसतं. पोलीस अधिकाऱ्यांच्या संघटना म्हणतात, गोळीबार कुठून होतोय हे कानाने कळणं हा आमचा जीव वाचवणारा पहिला इशारा असतो. हे खोटं नाही. सप्रेसर वापरून झालेले गुन्हे एकूण गुन्ह्यांत फार थोडे, हेही खोटं नाही. पण व्हर्जिनिया बीचची एक गोष्ट दोन्ही बाजू हळूच बाजूला ठेवतात. त्या खुन्याने आपला सप्रेसर कायदेशीर मार्गाने घेतला होता. फॉर्म, ठसे, दोनशे डॉलर, वाट पाहणं, सगळं. म्हणजे विलंबाने त्याला अडवलं नाही, आणि तपासणीनेही नाही, कारण तपासणीत सापडण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं.

मला विचाराल तर माणसाची तपासणी हवी, आणि नोंदही हवी. चाळीस लाख वस्तू कोणाकडे आहेत हे सरकारला माहीत असण्यात काही गैर नाही. पण रागाने पेटलेल्या माणसाला चार दिवस थांबवायचं असेल, तर ते थांबवणं रायफलीच्या काउंटरवर हवं होतं. तिथे अर्धा तास आणि पुंगळीला दहा महिने, हा क्रम उलटा आहे. दादा बंदूकवाले असूनही हे मान्य करतात. त्यांचे टेक्ससचे मित्र मात्र करत नाहीत.

आता या गोष्टीला २०२५ मध्ये मिळालेली कलाटणी. ट्रम्प यांच्या मोठ्या अर्थविधेयकात सप्रेसर १९३४ च्या कायद्यातून पुरताच बाहेर काढण्याचा प्रस्ताव होता, आणि प्रतिनिधिगृहाने तो मे महिन्यात मंजूरही केला. सिनेटमध्ये तो अडला. अर्थविधेयक साध्या बहुमताने काढायचं तर त्यात फक्त पैशाशी संबंधित तरतुदी चालतात, हा बर्ड नियम. नोंदणी रद्द करणं हा अर्थाचा विषय नाही, असा निर्णय सिनेटच्या संसदीय सल्लागार एलिझाबेथ मॅकडोनो यांनी दिला. मग खासदारांनी जे चालत होतं ते केलं. कर शून्यावर आणला. ४ जुलै २०२५ ला सही झाली. १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसर आणि आखूड रायफलींवरचा कर शून्य डॉलर. मशीनगनवरचे दोनशे कायम.

गंमत म्हणजे यामुळे एक नवीच प्रतीक्षा जन्माला आली. मंजुरी आठवड्यात येत होती, पण गिऱ्हाईकच जानेवारीसाठी थांबलं. दोनशे डॉलर वाचणार असतील तर सप्टेंबरात कोण अर्ज टाकणार होतं? काही दुकानदार म्हणत, स्टॅम्पचे पैसे आम्ही भरतो, पण आता घ्या. काही म्हणत, आता पैसे द्या, अर्ज नव्या वर्षी टाकू. वस्तू पुन्हा तिजोरीत, आणि १ जानेवारीला सगळे एकदम अर्ज टाकणार असं चित्र होतं. २०१६ चा अनुभव पाहता मार्टिन्सबर्गच्या कारकुनांची दया येत होती.

आणि कायद्याचा पायाच आता हलला आहे. १९३७ मध्ये सोन्झिन्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा राखला तो कर म्हणून. त्याच आधारावर कॅन्ससमधल्या दोघांना शिक्षा झाली होती. २०१३ मध्ये कॅन्सस राज्याने कायदा केला की राज्यात बनलेल्या आणि राज्यातच राहिलेल्या शस्त्रांना केंद्राचे नियम लागू नाहीत. चानूट गावच्या एका दुकानदाराने त्यावर विसंबून सायलेन्सर बनवून विकले, एका माजी सैनिकाने घेतला. दोघांवर केंद्राचा खटला झाला. तुरुंग टळला, देखरेखीवर सुटले, पण गुन्हेगार हा शिक्का बसला. २०१८ मध्ये दहाव्या सर्किट न्यायालयाने सांगितलं की हा कर आहे, कर लावायचा अधिकार केंद्राला आहे, राज्याचा कायदा तुम्हाला वाचवू शकत नाही. आता कर शून्य झाल्यावर त्यासाठीची नोंदणी कशाच्या जोरावर उभी, असा प्रश्न घेऊन ४ जुलैलाच टेक्ससमध्ये दावा दाखल झाला. अशाच खटल्यांतून हे प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाईल असा माझा अंदाज आहे. शून्य डॉलरचा कर हा कर असतो का, याचा निकाल तिथे लागेल.

जाता जाता अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी चार कामाच्या गोष्टी, कारण टेक्ससला पाहुणे म्हणून जाणारी आणि रेंजवर हौस म्हणून उभी राहणारी आपली मुलं आता पुष्कळ आहेत. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, डेलावेअर आणि हवाई, या आठ राज्यांत सामान्य नागरिकाला सप्रेसर बाळगता येत नाही. टेक्ससचा स्टॅम्प न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये चालत नाही. केंद्रीय कायद्यात सप्रेसर स्वतःच ‘फायरआर्म’ आहे, आणि एच-१बी सारख्या व्हिसावर असलेल्याला शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर फायरआर्म किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. वर्षानुवर्षं रांगेत उभं राहून जवळ आलेलं ग्रीन कार्ड हातात बंदूक घेतलेल्या एका फोटोपायी घालवू नका. अमेरिकेतून सप्रेसर परवान्याशिवाय बाहेर नेणं हा तिथला गुन्हा, आणि भारतात आमच्या शस्त्र नियमांत बंदुकीचा आवाज दाबणारं साधन प्रतिबंधित शस्त्रांच्या वर्गात येतं. तेव्हा सुट्टीत गावी येताना मित्राच्या रेंजबॅगेतून चुकून काही आपल्या सामानात आलं नाही ना, हे विमानतळावर नव्हे, घरीच पाहा.